धूर नोझलचा, पैसे इंजिन बांधायचे: 68,500 रुपयांना फसवलं

जुनी डिझेल गाडी परत उभी करणाऱ्यांनी हे वाचाच. वडिलांची 1991 ची महिंद्राची जीप एमएम 540, प्युजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी इंजिन, कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. टाकी साफ केली, नवीन बॅटरी टाकली, चालू झाली पण पांढराफटक धूर, डोळे चुरचुरायचे आणि कच्च्या डिझेलचा वास. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं नुसती रेस करून बघितली आणि म्हणाला, "साहेब, बोअर गेलाय, इंजिन बांधावं लागंल." म्हणजे सिलिंडर झिजलेत, सगळं इंजिन खोलून नव्यानं भरायचं. ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर-हवा बाहेर येते का, हेसुद्धा बघितलं नाही. 30,000 ॲडव्हान्स, मग पार्टचे 24,500, मजुरी 14,000. पक्कं बिल नाही, साध्या कागदावरची चिठ्ठी.

अजून संताप होतो तो त्या व्हॉट्सॲपच्या फोटोचा. "हे बघा तुमचे पिस्टन" म्हणून पाठवलेला, चार पिस्टन ओळीत आणि प्रत्येकाच्या डोक्यात वाटीएवढा खोल खड्डा. तसला खड्डा डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारणाऱ्या इंजिनला असतो, या प्युजोचं डिझेल आधी हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये पेटतं, पिस्टनला फक्त उथळ खाच. म्हणजे ते माझे पिस्टन नव्हतेच! आणि हा फोटो शेवटचे पैसे द्यायच्या आधीपासून माझ्या मोबाईलमध्ये होता. पण नोकरी करणाऱ्या माणसानं पिस्टन बघून इंजिन ओळखायचं का? विश्वासावरच गाडी सोडतो ना आपण.

गाडी आली, धूर तसाच. "पिस्टनच्या रिंगा बसू द्या" म्हणे! दुसऱ्या मेकॅनिकनं बघितलं तर हेडच्या बोल्टवर जुना रंग तसाच, पाना लागलेलाच नाही, म्हणजे इंजिन उघडलंच नव्हतं. त्यानं इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइपाचा नट ढिला केला, तिसऱ्याला आवाज बदलला नाही आणि धूर मात्र गेला. नोझल गळत होतं, वर डिझेल पंपाचं टायमिंग मागं पडलेलं, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जात होतं. सगळं मिळून 10,500 मध्ये काम झालं. रिंगा गेल्या असत्या तर धूर निळसर आला असता आणि ऑइल कमी झालं असतं, माझं ऑइल डिपस्टिकवर जिथल्या तिथं होतं. कुणी धूर बघून इंजिन खोला म्हणालं तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) मागा, आकडा लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा". अहो न केलेल्या कामाचे पैसे घेतले, दुसऱ्याच इंजिनाचे पिस्टन दाखवले, ही फसवणूक नाही तर काय? अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, साहेब बंदोबस्ताला, उद्या या, परत उद्या या. ग्राहक हेल्पलाईनवाल्यांनी तक्रार नोंदवली आणि परस्पर बंद केली, कारणसुद्धा सांगितलं नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण तिथला क्लार्क पहिलं काय विचारतो? पक्कं बिल. चोर पक्कं बिल देतो का?

पैसे यूपीआयनंच द्या, माझं स्टेटमेंट आहे म्हणून निदान काहीतरी दाखवता येतंय. जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणा, "भंगारात गेले" म्हणाला की तिथंच पैसे थांबवा. इंजिन खोलताना समोर उभे राहा.

दुसऱ्या मेकॅनिककडून बोल्टचे फोटो आणि लेखी घेतलंय, तक्रार दाखल करतोय. पुणे-सातारा पट्ट्यात आणखी कुणाला असाच पिस्टनचा फोटो आला असेल तर डिलीट करू नका, मला पाठवा.