आठ महिने ‘सोपा मोड’ वापरला, आता काढून टाकला

आत्याच्या लॅपटॉपवर नवशिक्यांना संगणक सोपा करून दाखवणारा हा प्रोग्रॅम मीच टाकून दिला होता, तेव्हा खालची तक्रार आधी माझ्याविरुद्ध आहे असं समजा. नाव मुद्दाम देत नाही. असले प्रोग्रॅम बरेच आहेत आणि सगळ्यांचा घोळ एकाच जातीचा.

सुरू केला की डेस्कटॉपऐवजी एका खोलीचं चित्र येतं. टेबलावरची वही म्हणजे पत्र लिहा, भिंतीवरची फ्रेम म्हणजे फोटो बघा, कपाट म्हणजे जपून ठेवलेलं सगळं. कोपऱ्यात पोपट, तो फुग्यातून सूचना देतो. अक्षरं मोठी, मांडणी स्वच्छ. तिसऱ्याच दिवशी आत्याने एकटीने पत्र टाइप करून कपाटात ठेवलं आणि मी कॉलर ताठ करून घेतली.

मग तेच पत्र एका वेबसाइटवर अपलोड करायची वेळ आली. ‘फाइल निवडा’ दाबलं तर समोर ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमीची खिडकी. त्यात डाउनलोड्स होतं, डॉक्युमेंट्स होतं, कपाट कुठेच नाही. मलाही वीस मिनिटं लागली. प्रोग्रॅमने पत्रं फोल्डरात फोल्डर अशी चार पायऱ्या खाली, नुसते आकडे नाव म्हणून देऊन ठेवली होती.

तेव्हापासून फोन सुरू झाले. एकदा माझ्या भावाने तिला सांगितलं, “आधी डाउनलोड्स उघड.” ती म्हणाली, “माझ्या घरात तसली खोली नाही रे.” हसून हसून पुरेवाट झाली, पण तिचं अगदी बरोबर होतं. मदत करणारा कुणीही फाइल आणि फोल्डरच्याच भाषेत बोलणार. आम्ही तिला शिकवलेली बोली जगात फक्त तो पोपट बोलत होता.

ही हौस जुनीच. मायक्रोसॉफ्टने मार्च १९९५ मध्ये ‘बॉब’ आणला, तोही असाच: दार, दिवाणखाना, आणि वाट दाखवायला रोव्हर नावाचा पिवळा कुत्रा. पासवर्ड तीनदा चुकला की नवा ठेवायचा का, असं तो आपणहून विचारायचा. मदतीच्या उत्साहात कुलूपच निकामी! शिवाय बॉबला ८ एमबी मेमरी लागायची, आणि तेव्हाच्या कितीतरी घरगुती संगणकांत ४ एमबीच असायची. म्हणजे प्रोग्रॅम नवशिक्यांसाठी, मशीन मात्र हौशी जाणकारांचं. १९९६ मध्ये तो बंदही झाला.

बॉबमागे स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांचं संशोधन होतं. माणसं संगणकाशीही माणसाशी वागावं तशी वागतात, हे त्यांचं म्हणणं. आत्याकडे बघून मला ते शंभर टक्के पटलं. पोपटाने “पत्र लिहायचं आहे का?” असं विचारलं की ती स्क्रीनकडे बघून “गप रे, दिसत नाही का लिहितेय ते?” म्हणायची. सहाव्या महिन्यातही तो पहिल्या दिवसाचेच प्रश्न विचारत होता. खऱ्या माणसाने असं केलं असतं तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

एक गोष्ट मात्र चांगली होती. काहीही पुसण्याआधी तो काय जाणार आहे ते चित्रासकट दाखवायचा. त्यामुळे बटणं दाबायची तिची भीती गेली.

आता साध्या डेस्कटॉपवर तीन फोल्डर केलेत. नावं तिनेच दिली: पत्रं, फोटो, भानगडी. तिसऱ्यात काय आहे ते मी विचारत नाही.

तुम्हीही काढणार असाल तर आधी कपाट रिकामं करा. अनइन्स्टॉल करताना ‘माहितीसह काढा’ या चौकोनात आधीच टिक असते, आणि पोपट त्या वेळी नेमका गप्प बसतो.