निक्रोम, कँथल, कॉन्स्टंटन की मँगनीन? आधी काम बघा, मग तार घ्या

जळगावात थंडीच्या पहाटे पारा 10 अंशांवर येतो आणि मे महिन्यात दुपारी 45 गाठतो. एवढ्यानेच तांब्याच्या तारेचा रोध (करंटला होणारा अडथळा) सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. विहिरीवरच्या मोटारीला ते चालतं. पण तार तापवायची असो की तिच्यावरून करंट मोजायचा असो, तांबं बाद. तिथे संमिश्रच, म्हणजे धातूंचं मिश्रण हवं; वरची चारही नावं अशाच संमिश्रांची.

शुद्ध धातूत अणू ओळीने बसलेले असतात. तापले की ते जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनची वाट अडते. संमिश्रात परके अणू मुळातच कसेही पेरलेले, त्यामुळे वाट आधीपासूनच खडबडीत. थरथरीने त्यात फारशी भर पडत नाही.

केळीच्या वेफर्सची पाकिटं सील करायची असतील तर फार विचार करू नका, निक्रोम घ्या. 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियम. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा रोध साठ पटींहून जास्त, म्हणून हातभर पट्टीत काम भागतं. लालबुंद झाली तरी तिचा रोध पाच-सात टक्केच वाढतो. शिवाय तापून गार झाल्यावरही ती वाकते, म्हणजे दुरुस्ती करता येते.

कँथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम. निकेल नाही, म्हणून सहसा स्वस्त. सोनं वितळवायच्या विजेच्या भट्टीला हीच बरी: निक्रोम 1200 अंशांच्या आसपास थकते, चांगल्या प्रतीची कँथल 1400 पर्यंत जाते. मात्र एकदा तापली की ठिसूळ होते. जुनी कॉइल सरळ करायला गेलात की कडकन तुटणार. भट्टीत ती लोंबतेही, म्हणून खाचेत नीट बसवा.

मोजणीचं काम वेगळं. सोलरच्या बॅटरीवर शंट (ज्याच्यावरचा व्होल्टेज बघून करंट कळतो असा छोटा, ठरावीक रोध) लावणारे बरेच जण कॉन्स्टंटन (तांबं आणि निकेल) उचलतात, कारण तिचा रोध तापमानाने जवळजवळ हलत नाही. खरं आहे, पण डीसीत (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटमध्ये) तिची एक खोड आहे. तांब्याशी जोड झाली की तिच्या दोन टोकांच्या जोडांच्या तापमानात दर अंशाच्या फरकाला सुमारे 40 मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. शंट 75 मिलिव्होल्टचा (म्हणजे पूर्ण करंटला तेवढा व्होल्टेज देणारा) आणि एक टोक उन्हात 10 अंशांनी जास्त तापलेलं असेल, तर पूर्ण भारावरही अर्धा टक्का चूक; करंट कमी असेल तर आणखी मोठी. मँगनीनमध्ये (तांबं, मँगेनीज आणि थोडं निकेल) हा व्होल्टेज नगण्य असतो. माझ्या मते डीसी शंटला मँगनीनच; पण ती तापवायची तार नव्हे, शंभर-सव्वाशे अंशांपुढे नेऊ नका.

दुकानात निक्रोम आणि कँथल दोन्हींना ‘हीटर कॉइल’च म्हणतात. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटली तर कँथल, 80-20 निक्रोम चिकटत नाही.