वेडी बाभूळ काढायला काय विकत घ्यावं, काय भाड्याने आणावं: सिन्नरच्या माळावरचा अनुभव

आमचं रान सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्या अंगाला. जिल्हा एकच, पण इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि आमच्या माळावर ढग नुसते वरून जातात. मुरमाड जमीन, पीक असं नाहीच. संगमनेरी शेळ्या आणि चार गाई यांच्या चराईवर घर चालतं. गेल्या काही वर्षांत या चराईच्या निम्म्या भागात वेडी बाभूळ माजली. खाली गवत उगवेना, जनावरं आत शिरेनात आणि बिबट्याला मात्र दडायला जागा झाली. दिवाळीनंतर काढायला सुरुवात केली, आता दुसरा पावसाळा संपत आलाय. या काळात जी यंत्रं विकत घेतली, जी भाड्याने आणली, त्यांच्याबद्दल लिहितो.

यंत्र निवडताना बहुतेक जण खोडाची जाडी बघतात. मी म्हणेन, आधी जमिनीखाली बघा. वेडी बाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतली, भारतात १८७७ साली आणली. तिचं सगळं बळ खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीत असतं. ही गाठ जमिनीखाली साधारण फूटभराच्या आत असते आणि फुटवे तिथूनच येतात. वरून कितीही स्वच्छ कापा, पहिल्या पावसात त्याच बुडख्यातून आठ-दहा धुमारे निघतात आणि एका खोडाचं झुडूप होतं. गाठ निघाली आणि खाली मूळ तुटून राहिलं, तर त्या तुकड्यातून सहसा काही फुटत नाही. म्हणून कोणतंही अवजार दाखवलं की माझा प्रश्न एकच: याने गाठ वर येते का?

जेसीबीने येते. मनगटापेक्षा जाड झाडांना आमच्या भागात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तासाचं भाडं हजार-बाराशेच्या घरात गेलं. तासाला किती झाडं निघतात हे मात्र यंत्रावर कमी आणि चालकावर जास्त ठरतं. चांगला चालक झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या उलट बाजूने आधी बकेट घालतो, आडवी मुळं तोडतो, मग बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, छातीएवढ्या उंचीवर खोडाला लावून हळूहळू रेटतो. खोडाची लांबी पहारीसारखी कामाला येते आणि गाठ सबंध वर येते: तांबूस, गाठीगाठींची, माती धरून ठेवलेली. म्हणूनच जेसीबी येण्याआधी झाडं कापून ठेवायची नाहीत. शेजारच्या बांधावर सरपणासाठी आधी कापून घेतलं होतं. तिथे नुसते खुंट उकरताना दुप्पट वेळ गेला आणि बऱ्याच गाठी फुटून अर्ध्या आतच राहिल्या.

चालकाशी दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. काट्याचं रान म्हटलं की काही जण येतच नाहीत, तेव्हा पंक्चरचा खर्च कोणाचा ते ठरवा. आणि खड्डे त्याच फेरीत बुजवून घ्या, नाहीतर शेळ्या पाय मोडून घेतात. पोकलेनला टायरची भानगड नाही, पण तो ट्रेलरवरून आणावा लागतो. थोड्या रानासाठी त्याची वाहतूकच अंगावर येते.

टेक्सासातल्या पशुपालकांचे व्हिडिओ बघून बरेच जण छोट्या लोडरला लावायच्या, झाड पकडून कातरणाऱ्या किंवा उपटणाऱ्या जबड्याबद्दल विचारतात. तिकडची मेस्किट ही याच झाडाची बहीण, गाठीचा त्रास तोच. तिकडे काही जण झाड जमिनीलगत कातरून बुडख्यावर लगेच औषध मारतात, काही मुळासकट उपटतात. जबडा चांगलाच असणार, पण भाड्याने मिळालं तर उपयोग. आमच्या भागात जेसीबी गावोगावी आहे. आणि निफाडकडून पाहुण्यांचा द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर साखळी लावून ओढायला आणायचा विचार असेल तर सोडा. वजन कमी पडतं, झाड हलत नाही आणि पुढची चाकं उचलतात. हे जिवावरचं काम आहे.

चेनसॉ मी स्टिल कंपनीचा एमएस २५० घेतला, ४५.४ सीसीचा. उपटून पडलेल्या झाडाची लाकडं करायला तो पुरेसा आहे आणि वजनाला झेपतो. वेड्या बाभळीचं लाकूड कठीण, सालीत माळाची धूळ बसलेली, त्यामुळे चेन लवकर बोथट होते. ४.८ मिलिमीटरची गोल कानस खिशातच ठेवायची आणि टाकी भरायला थांबलो की प्रत्येक दातावर दोन-तीन हात मारायचे. भुसा बारीक पिठासारखा पडायला लागला म्हणजे धार गेली. धार असेल तर त्याच्या चपट्या कपच्या पडतात. गाठीला चेनसॉ कधीच लावू नका. तिच्यात मुरूम अडकलेला असतो, एका घावात चेन जाते. तिथे कुऱ्हाडच हवी.

ज्या दुकानातून घेतला तिथे तेलाचं प्रमाण कोणी धड सांगितलं नाही, म्हणून सांगतो: कंपनीच्या टू-स्ट्रोक तेलाला एक लिटर पेट्रोलमागे २० मिली, म्हणजे १:५०. आत्ताच्या इथेनॉलच्या पेट्रोलचं मिश्रण टाकीत ठेवून यंत्र आठवडेच्या आठवडे उभं करू नका. टाकी रिकामी करा, उरलेलं इंजिन बंद पडेपर्यंत चालवून संपवा. असं केल्यापासून कार्बोरेटर एकदाही उघडावा लागलेला नाही.

ब्रश कटर, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं झुडपं कापायचं यंत्र, होंडाचा, ३५.८ सीसी, फोर-स्ट्रोक. यात तेल मिसळायचं नसतं आणि कामाला येणारी मुलं तो बिनचूक वापरतात, हे मोठं सुख आहे. नायलॉनची दोरी या कामात निरुपयोगी. तीन पात्यांचं ब्लेड अंगठ्याएवढ्या काड्यांना ठीक, त्याहून जाड असेल तर दातेरी गोल पातं. पण मुरमातल्या दगडावर ते आदळलं की टोकाचे कार्बाइडचे दात उडतात, म्हणून जमिनीपासून चार बोटं वर धरायचं आणि कापताना पातं आडवंच ठेवायचं. तिरपा कापलेला खुंट भाल्यासारखा राहतो. जनावराच्या खुरात आणि ट्रॅक्टरच्या टायरात तोच घुसतो. ब्रश कटरने गाठ निघत नाही, तेव्हा वेड्या बाभळीवर हा इलाज नाही. वाट करायला, कुंपणाची कड साफ ठेवायला आणि जेसीबी आत येण्याआधी झाडाभोवतीचा पसारा काढायला मात्र तो रोज लागतो.

घाणेरीला यातलं काहीच लागत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत आम्ही वापरली: टिकावाने मुख्य मूळ जमिनीखाली दीड-दोन इंचांवर तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. दोन माणसं, दोन टिकाव, डिझेलचा खर्च शून्य.

जेसीबीने माती उलटली की पुढच्या पावसात वेड्या बाभळीची रोपं दाट उगवतात. आपलं काम वाया गेलं असं वाटून लोक इथेच हात टेकतात. टेकू नका. श्रावणात माती भिजलेली असताना ही रोपं हाताने किंवा खुरप्याने मुळासकट येतात. तेव्हा ब्रश कटर फिरवला तर रोपाचं झुडूप होतं आणि वर्षाने पुन्हा जेसीबी बोलवावा लागतो. आमच्याकडे खुरपलेल्या पट्ट्यात मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं आपणहून परत आली. ज्या पट्ट्यात माणसं मिळाली नाहीत तिथे आत्ता गुडघाभर बाभूळ उभी आहे.

काट्याकडे कोणी दुर्लक्ष करू नये. गमबुटातून तो आरपार जातो. तळात लोखंडी पत्रा असलेले चामडी बूट घ्या. तोंडावर जाळी हवीच. फांद्या गोळा करणाऱ्या बायकांनाही चामडी हातमोजे आणि बूट द्या, नुसत्या यंत्रवाल्याला देऊन भागत नाही, कारण सगळ्यात जास्त काटे त्यांनाच लागतात. फांद्या हाताने ओढण्यापेक्षा पुढे दोन फाटे असलेल्या लांब काठीने रेटाव्या. सांध्याजवळ काटा मोडला तर घरी सुईने उकरत बसू नका, दवाखाना गाठा.

यंत्राला झाड ओळखता येत नाही. आम्ही आदल्या दिवशी हिवर, बोर, खैर आणि शमीला बुंध्यावर चुन्याचा पट्टा मारला. शमी तर वेड्या बाभळीच्याच कुळातली, घाईत सहज जाते. शिवाय १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत खैर, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडं आहेत. ती खाजगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गायरान किंवा वनखात्याच्या हद्दीला तर हातच लावू नका, आधी मोजणीचे दगड बघा. लाकूड कोळसा भट्टीवाल्याने जागेवरून नेलं, जेसीबीच्या भाड्याचा बराच भाग त्यातून सुटला.

पुढची खरेदी भरड्याची, म्हणजे शेंगा भरडायच्या यंत्राची आहे. शेंगा गोड, शेळ्या आणि गाई आवडीने खातात आणि बी न पचता लेंडी-शेणातून साफ केलेल्या रानात पडतं. शेंगा भरडल्या की बी फुटतं, रुजत नाही आणि खुराकही होतो. फक्त शेंगा कडक वाळलेल्या हव्यात, ओलसर असल्या तर त्यांच्या गोडाने चाळणी चिकटून बसते. बांधापलीकडची झाडं आमच्या हातात नाहीत, त्यामुळे त्या शेंगा गोळा करून भरडणं एवढंच करता येईल. कोणी घरगुती मोटरवर चालणारा भरडा या शेंगांसाठी वापरला असेल तर चाळणी किती मिलिमीटरची लावली ते नक्की कळवा.