तीन सर्व्हर असतील तर वाचक कुठे पाठवायचा: डीएनएस की एनिकास्ट?

समजा, तुमच्या मराठी साइटच्या तीन प्रती आहेत: मुंबई, फ्रँकफर्ट आणि व्हर्जिनिया. पुण्यातला वाचक मुंबईला आणि न्यू जर्सीतला व्हर्जिनियाला जावा, हे ठरवणार कोण? मार्ग दोन: डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा, किंवा एनिकास्ट, म्हणजे एकच पत्ता अनेक ठिकाणी वापरणं.

चूक झाली तर किती महागात पडते ते आधी बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एका हेलपाट्याला किमान 65 मिलिसेकंद. पान मिळेपर्यंत असे साधारण तीन हेलपाटे होतात: जोडणी, टीएलएस (जोडणी सुरक्षित करणं) आणि मागणी. म्हणूनच एका सर्व्हरने 302 (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असं उत्तर) देऊन दुसरीकडे धाडण्याची पद्धत मी मोठ्या फाइलींपुरतीच ठेवीन. पहिले हेलपाटे त्यात वाया जातातच.

डीएनएसमध्ये नाव एकच असतं, पण विचारणारा बघून वेगळा पत्ता दिला जातो. अडचण अशी की विचारणारा वाचक नसतो, त्याच्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर, म्हणजे रिझॉल्व्हर असतो. तो दूर असला की अंदाज चुकतो. 2016च्या आरएफसी 7871 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात यावर उपाय आहे: रिझॉल्व्हर वाचकाच्या पत्त्याचा काही भाग, बहुधा पहिले 24 बिट, पुढे कळवतो. गूगलचा रिझॉल्व्हर 8.8.8.8 हे करतो, क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 गोपनीयतेसाठी करत नाही. दुसरी अडचण टीटीएलची, म्हणजे मिळालेला पत्ता किती वेळ जपून ठेवायचा त्या मुदतीची. तुम्ही 60 सेकंद लिहिलेत तरी काही अ‍ॅप जुना पत्ता धरून बसतात, आणि मुंबईचा सर्व्हर पडल्यावरही तिथेच धडका देत राहतात.

एनिकास्टमध्ये तीनही ठिकाणांहून एकच आयपी पत्ता बीजीपीने, म्हणजे नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीने, जाहीर होतो. एक ठिकाण बंद पडलं की तिथली जाहिरात मागे घ्यायची, वाहतूक आपोआप उरलेल्यांकडे वळते. हल्ल्याचा लोंढाही विभागला जातो. डीएनएसचे 13 रूट सर्व्हर (नावाचा शोध जिथून सुरू होतो ते) प्रत्यक्षात दीड हजाराहून जास्त ठिकाणी याच जोरावर चालतात. पण बीजीपी मिलिसेकंद मोजत नाही. तो नेटवर्कांचे आपसातले करार आणि मधल्या नेटवर्कांची संख्या बघतो. वाचकाच्या इंटरनेट कंपनीचा तुमच्या मुंबईतल्या नेटवर्कशी थेट जोड नसेल, तर पुण्याची मागणी फ्रँकफर्टलाही जाऊ शकते. बिंग या सर्च इंजिनच्या एनिकास्ट जाळ्यावर 2015 साली झालेल्या अभ्यासात सुमारे 20 टक्के वापरकर्ते सर्वोत्तम नसलेल्या ठिकाणी जात होते. हा आकडा मला मोठा वाटतो.

शिवाय स्वतः एनिकास्ट उभारायचं तर निदान 256 पत्त्यांचा गट आणि स्वायत्त नेटवर्क क्रमांक (बीजीपीत तुमच्या नेटवर्कची ओळख) हवा. भारतात ते आयआरआयएनएन ही इंटरनेट पत्त्यांची नोंदणी संस्था देते. दोन-तीन सर्व्हरसाठी या फंदात पडू नका. गरज पडलीच तर भाड्याने घ्या: अ‍ॅमेझॉनचा ग्लोबल अ‍ॅक्सिलरेटर 2018पासून एनिकास्टचे स्थिर पत्ते देतो.

बातम्या, लेख, दिवाळी अंक अशी वाचनाची साइट असेल तर माझं मत डीएनएसला. त्यातही नकाशावरच्या अंतराऐवजी मोजलेल्या विलंबावर चालणारा पर्याय घ्या आणि सोबत सर्व्हर जिवंत आहे का याची तपासणी लावा. पैशांचे व्यवहार असतील, किंवा साइटवर हल्ले होत असतील, तर भाड्याचं एनिकास्ट. थोडे वाचक लांब गेले तरी चालेल, पण साइट पडता कामा नये.

दोन्हींपैकी काहीही निवडा, मोजमाप वाचकाच्या ब्राउझरमधून करा आणि इंटरनेट कंपनीनुसार वेगळं काढा. एकूण सरासरी बघितली तर एकाच कंपनीचे सगळे ग्राहक फ्रँकफर्टला जात असल्याचं महिनोन्‌महिने लक्षात येणार नाही.