टोपी घातलेला ससा की खोपा विणणारी सुगरण?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांच्या सचित्र कविता निवडताना साधारण दोन प्रकार समोर येतात: प्राण्याला टोपी-सदरा घालून माणसासारखा वागवणारी कविता आणि प्राणी जसा आहे तसा टिपणारी कविता.

पहिल्या प्रकारात मूल लगेच रमते. शाळेला निघालेला ससा त्याला आपलाच वाटतो, आणि आठ-आठ अक्षरांच्या, जोडाक्षरे टाळलेल्या ओळी दोन दिवसांत पाठ होतात. मात्र येथे ससा काढून उंदीर घातला तरी कवितेचे फारसे बिघडत नाही.

दुसऱ्या प्रकारात असा बदल चालत नाही. सुगरणीचेच पाहा. मराठीत तिचे नाव स्त्रीलिंगी असले, तरी खोपा विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचे डोके पिवळेधमक होते, आणि पाण्यावर झुकलेल्या बाभळीला तो गवताच्या लांब पात्यांचा खोपा टांगतो, ज्याचे दार खाली लोंबणाऱ्या नळीतून असते. कवितेने फक्त विणण्याची लय धरावी आणि पिवळे डोके, अर्धवट खोपा, खालचे पाणी हे सारे चित्राने सांगावे. मग अक्षरओळख नसलेले मूलही बोट ठेवून पान वाचते. चित्रकाराने सुगरणीऐवजी साधी चिमणी काढली, तर मात्र ही कविता कोसळते, आणि अशी चूक मला अक्षम्य वाटते.

झोपताना म्हणायला पहिला प्रकार पुरेसा आहे. विकत घेऊन घरात ठेवायला मी दुसराच निवडेन.