एडीएक्सएल३४५: मोशन आणि फ्रीफॉल दोन्ही चिपच ओळखते, ड्रायव्हर लिहून वापरल्यावरचा अनुभव

नाजूक यंत्राची पेटी वाटेत कुणी पाडली का हे कळायला हवं होतं, म्हणून अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा हा अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) घेतला आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मोशन (हालचाल) आणि फ्रीफॉल (मोकळं पडणं) यांचा सपोर्ट मीच लिहिला. चिप मनापासून आवडली.

मुख्य कारण म्हणजे दोन्ही इव्हेंटची रजिस्टर्स (चिपमधल्या सेटिंग ठेवायच्या जागा) वेगळी आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. मोशनला कुठलाही एक अक्ष थ्रेशोल्डच्या (ठरवलेल्या मर्यादेच्या) वर गेला तरी पुरे, फ्रीफॉलला मात्र तिन्ही अक्ष एकदमच खाली यायला लागतात, कारण वस्तू हातातून सुटली की सेन्सरला तिन्हीकडे शून्याच्या आसपासच दिसतं. लिनक्सच्या आयआयओमध्येही (सेन्सर हाताळणाऱ्या भागातही) फ्रीफॉल असाच, तिन्ही अक्षांचा मिळून एक इव्हेंट म्हणून दाखवतात, त्यामुळे चिपचं आणि ड्रायव्हरचं छान जुळतं.

थ्रेशोल्डची पायरी ६२.५ मिली-जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), वेळेची ५ मिलिसेकंद. फ्रीफॉलसाठी डेटाशीट ३०० ते ६०० मिली-जी आणि १०० ते ३५० मिलिसेकंद सुचवते. मी आधी वेळ १०० मिलिसेकंद ठेवली होती पण तेवढ्यात वस्तू जेमतेम ५ सेंटिमीटर पडते, म्हणजे कुणी पेटी जरा टाकल्यासारखी ठेवली तरी नोंद व्हायची, मग २०० केली, ते साधारण २० सेंटिमीटर, आता नोंदी खऱ्या वाटतात.

मोशनला एसी मोडच लावा, त्यात सुरुवातीच्या स्थितीपासून झालेला बदलच मोजला जातो. डीसीमध्ये सेन्सरचं थेट मापच तपासलं जातं, त्यामुळे थ्रेशोल्ड १ जीच्या खाली असेल तर पेटी नुसती पडून असली तरी गुरुत्वाकर्षणामुळेच इंटरप्ट (चिपचा सूचना-सिग्नल) येतो.

एका गोष्टीत माझे दोन दिवस गेले. इंटरप्ट सोर्स रजिस्टर वाचलं की इव्हेंटचे बिट्स साफ होतात, आणि मी मोशनसाठी एकदा, फ्रीफॉलसाठी परत एकदा वाचत होतो, त्यामुळे पेटी पडली की मोशन दिसायचं आणि फ्रीफॉल गायब. एकदाच वाचायचं, व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि दोन्ही बिट्स त्यातूनच तपासायचे.

आणि पेटी गरगरत पडली तर कोपऱ्यातल्या सेन्सरला फिरण्याचं त्वरण जाणवतं, फ्रीफॉल हुकू शकतो, म्हणून तो शक्यतो मधोमध बसवा.

तक्रार आहे ती ब्रेकआउट बोर्डाची, म्हणजे चिप बसवून येणाऱ्या छोट्या बोर्डाची. आय-टू-सीसाठी (चिपशी दोन तारांवर बोलायच्या पद्धतीसाठी) सीएस ही चिप निवडायची पिन सप्लायला जोडलेली लागते, माझ्या बोर्डावर ती मोकळीच होती आणि चिप मधेच उत्तर द्यायची बंद व्हायची. बोर्ड घेताना ती पिन आधी बघा.