कोल्ट नेव्ही कन्व्हर्जन, .३८ स्पेशल: आठ महिन्यांनंतर सगळं एका पाचरीवर येऊन अडलं

गेल्या महिन्यात रेंजवर तिसऱ्या गोळीनंतर घोडा (हॅमर) ओढला, तर सिलिंडर फिरेना. नळी जागेवर धरून ठेवणारी आडवी पाचर जराशी बाहेर ठोकली तेव्हा कुठे सुटला. कन्व्हर्जन म्हणजे ठासणीच्या जुन्या नेव्ही रिव्हॉल्व्हरचं काडतुसांसाठी (माझ्यात .३८ स्पेशल) बदललेलं रूप. साडेपाचशे डॉलर मोजून घेतलेल्या त्याच्या इटालियन प्रतिकृतीची आठ महिन्यांत ही गत!

आधी माझ्याकडे ठासणीची नेव्ही होती. दारू पेटवणाऱ्या टोप्या फुटल्या की त्यांचे तुकडे घोड्याखाली अडकायचे, आणि घरी येऊन तासभर गरम पाणी-साबण. इथे बाजूचं झाकण उघडायचं, पाच काडतुसं घालायची, घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, झालं. शिवाय यामागची काटकसर मला मनापासून आवडते. काडतूस मागून भरायला लागणाऱ्या आरपार भोकाच्या सिलिंडरचं रॉलिन व्हाइटचं पेटंट १८६९ मध्ये संपलं, आणि कोल्टने उरलेले जुने सुटे भाग भंगारात न घालता आपल्याच रिचर्ड्स (१८७१) आणि मेसन (१८७२) यांच्या पेटंटांवर त्या भागांचीच काडतुसाची रिव्हॉल्व्हरं केली.

पण ती पाचर! मूळ कोल्टमध्ये आर्बर, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा, नळीच्या खालच्या भागातल्या भोकात तळाला टेकतो, मग पाचर कितीही ठोका, नळी जागची हलत नाही. माझ्यात तो टेकतच नव्हता. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून पाहिलं: पाचर सैल असताना नळी आणि सिलिंडरमध्ये दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फट, घट्ट केली की दोनची पातीही जाईना. जरा काजळी धरली की अडकणारच. भोसरीच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाला हे बघवत नाही.

दुकानदाराला तीन मेल केले. तिन्हींना उत्तर एकच, ‘पाचर अंगठ्याने जाईल तेवढीच दाबा.’ अंगठ्याचा जोर रोज सारखा असतो का? परत पाठवायचं तर कुरिअरचा खर्च माझा.

इथवर लिहून ‘घेऊ नका’ म्हणणार होतो. मधल्या काळात एका वयस्कर गनस्मिथकडे गेलो. त्यांनी आर्बरच्या भोकाच्या तळाशी पोलादी चकती बसवली आणि थोडं थोडं घासत आर्बर नेमका टेकवला. चाळीस डॉलर घेतले. आता पाचर कशीही ठोका, फट सहा थाऊच. काल साठ गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. म्हणून मत बदलतोय: घ्या, पण हे चाळीस डॉलर किमतीत धरूनच.

दुकानात परवानगी घेऊन, रिकाम्या रिव्हॉल्व्हरची पाचर काढा. नळी थोडी आडवी फिरवून आर्बरवर शेवटपर्यंत सरकवा. नळीच्या खालच्या भागाची कड फ्रेमच्या कडेच्या मागे गेली, तर आर्बर आखूड आहे.